आकडा हा साक्षीदार आहे, त्याची उलटतपासणी घ्यायला शिका!

कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, एक लहानसे यंत्र महाराष्ट्राच्या वाडीवस्तीपर्यंत जाऊन पोहोचले. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखे हे यंत्र बोटाला लावायचे आणि त्यावर उमटेल तो आकडा वहीत लिहायचा. आशा सेविका दारोदार फिरून ही नोंद करीत होत्या. आकडा ९५ च्या वर असला की घरच्यांचा जीव भांड्यात पडायचा. तो ९० च्या खाली घसरला की खाट शोधण्यासाठी धावाधाव सुरू व्हायची. कोणाला दवाखान्यात जागा मिळणार आणि कोणाला घरी परत पाठवले जाणार, हे त्या एका आकड्यावर ठरत होते. यंत्राला ना जात ना धर्म, ते काय भेदभाव करणार, असा आपल्या सर्वांचाच समज होता.

याच काळात, डिसेंबर २०२० मध्ये, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी हा समज खोटा ठरवला. त्यांनी केलेले काम अगदी साधे होते. ज्या रुग्णांच्या रक्तातील प्राणवायू बोटाच्या यंत्राने मोजला होता आणि त्याच सुमारास धमनीतून रक्त काढून प्रयोगशाळेतही मोजला होता, त्यांच्या दोन्ही नोंदी त्यांनी समोरासमोर मांडल्या. मग त्या नोंदी गोऱ्या आणि काळ्या रुग्णांच्या म्हणून वेगळ्या केल्या. बोटावरचे यंत्र ९२ ते ९६ असा निर्धास्त आकडा दाखवत असताना रक्तातला खरा प्राणवायू ८८ टक्क्यांच्या खाली गेलेला होता, असे किती वेळा घडले? गोऱ्या रुग्णांच्या बाबतीत अशा दर शंभर मोजण्यांमागे ३.६ वेळा आणि काळ्या रुग्णांच्या बाबतीत ११.७ वेळा. १७८ रुग्णालयांतील २०१४-१५ च्या जुन्या नोंदी तपासल्या, तर हेच प्रमाण ६.२ आणि १७ असे निघाले. म्हणजे यंत्राची चूक काळ्या माणसाच्या बाबतीत जवळपास तिप्पट! आणि ही चूक त्याला बरा ठरवणारी, म्हणजेच उपचार नाकारणारी.

यंत्राच्या पोटात कोणी द्वेष भरून ठेवला नव्हता. हे यंत्र बोटातून प्रकाश पाठवते आणि पलीकडे किती प्रकाश पोहोचला त्यावरून प्राणवायूचा अंदाज करते. गडद कातडीतले रंगद्रव्य त्यातला काही प्रकाश शोषून घेते. प्रश्न असा आहे की यंत्र बनवताना ते कोणाच्या बोटांवर पारखून घेतले? अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २०१३ सालच्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे दहा माणसांवर चाचणी घेतली तरी पुरेसे होते आणि त्यात गडद कातडीची दोन माणसे असली तरी चालत होते. दहात दोन! ज्याची कातडी परीक्षेला बसवलीच नाही, त्याच्यावर यंत्र चुकले तर त्यात नवल काय?

त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. ही चूक २०२० साली पहिल्यांदा कळली असे नाही. १९९० साली एका वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली होती. २००५ साली कॅलिफोर्नियातील विद्यापीठाच्या संशोधकांनी ती पुन्हा दाखवून दिली. तीस वर्षे ही माहिती ग्रंथालयाच्या कपाटात पडून होती. डॉक्टर शिकत होते, परीक्षा देत होते, यंत्रे विकली जात होती. मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रज्ञान संस्थेतील मानववंशशास्त्राच्या प्राध्यापिका एमी मोरान-थॉमस यांनी ऑगस्ट २०२० मध्ये या जुन्या संशोधनाकडे बोट दाखवणारा लेख लिहिला आणि मिशिगनच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयातील नोंदी उघडल्या. त्यानंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला आणि जानेवारी २०२५ मध्ये नवा मसुदा आणला. त्यात चाचणीसाठी १५० किंवा त्याहून अधिक माणसे, आणि तीही निरनिराळ्या वर्णांची, घ्यावीत असे सुचवले आहे.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. हा अभ्यास अमेरिकेतील गोऱ्या आणि काळ्या रुग्णांचा आहे. तो जसाच्या तसा आपल्या माणसांना लावता येणार नाही. या यंत्राने कोरोनात असंख्य जीव वाचवले आहेत, ते कोणी फेकून देऊ नये. मात्र धाप लागली असेल, ओठ निळे पडत असतील, तर यंत्राचा आकडा चांगला आहे म्हणून घरी बसून राहू नये, एवढे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे.

आता कोणी विचारेल, आंबेडकरी चळवळीच्या वाचकाला अमेरिकेतल्या या संशोधनाशी काय कर्तव्य? कर्तव्य फार जवळचे आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामीविरुद्ध लढणाऱ्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच तिकडून घेतले. त्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. तिकडची विद्यापीठे आज संख्याशास्त्र, आरोग्यसेवा आणि अध्यापन या तिन्ही गोष्टी एकत्र आणून जे शोधत आहेत, ते आपण समजून घेतले नाही तर आपलाच तोटा आहे.

खर्च कमी म्हणून आजार कमी?

दुसरे उदाहरण पाहा. अमेरिकेत मोठमोठी रुग्णालये संगणकाच्या मदतीने ठरवतात की कोणत्या रुग्णाला अधिक काळजीची, अधिक देखरेखीची गरज आहे. बर्कले आणि शिकागो येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी अशाच एका संगणकीय पद्धतीची तपासणी करून ऑक्टोबर २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या पद्धतीत रुग्णाचा वंश कोठेही भरलेला नव्हता. तरीही सारखेच गुण मिळालेल्या गोऱ्या आणि काळ्या रुग्णांत काळे रुग्ण प्रत्यक्षात अधिक आजारी निघाले. असे का झाले? कारण संगणक आजार मोजत नव्हता, तो खर्च मोजत होता. ज्याच्यावर उपचारासाठी जास्त पैसा खर्च झाला तो जास्त आजारी, असे त्याला शिकवले होते.

ज्याला दवाखान्यात जायला रजा मिळत नाही, गेला तर नीट तपासले जात नाही, त्याच्यावर खर्च कमीच होणार. म्हणजे आधी त्याला उपचारापासून दूर ठेवायचे आणि नंतर त्याच दुराव्याचा आकडा दाखवून म्हणायचे की याला गरजच नाही! ही चूक दुरुस्त केली तर अधिक मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत काळ्या रुग्णांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवून दिले.

हा युक्तिवाद आपण ओळखतो. वस्तीतल्या शाळेत पोरे येत नाहीत म्हणून शाळा बंद करा. उपकेंद्रात रुग्ण येत नाहीत म्हणून परिचारिकेचे पद रिकामे ठेवा. निधी खर्च झाला नाही, म्हणजे मागणी नव्हती. ‘आम्ही जात पाहत नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या कार्यालयात जात अशा मागच्या दाराने आत येते. जात न लिहिल्याने ती नाहीशी होत नाही. ती फक्त फाईलवर दिसेनाशी होते.

शरीरात भरलेला भेद

तिसरे उदाहरण सर्वांत बोलके आहे, कारण येथे आकड्यातच भेद भरला होता. किडनी किती काम करते हे रक्तातील क्रिएटिनिनवरून गणिताने काढतात. १९९९ साली आलेल्या आणि २००९ साली सुधारलेल्या समीकरणांत रुग्ण काळा असेल तर उत्तराला आणखी एका आकड्याने गुणायचे, असा नियम होता. २००९ च्या समीकरणात तो आकडा १.१५९ होता. म्हणजे रक्त तेच, वय तेच, परंतु माणूस काळा असेल तर त्याची किडनी कागदावर सुमारे १६ टक्के जास्त चांगली!

याचा परिणाम हिशेबाने पाहू. अमेरिकेत किडनीचे काम २० किंवा त्याखाली गेले की मृत रुग्णाच्या किडनीसाठी असलेल्या प्रतीक्षा यादीत वेळ मोजला जाऊ लागतो. एका गोऱ्या रुग्णाचे उत्तर १८ आले, तो पात्र झाला. तेवढेच खराब रक्त असलेल्या काळ्या रुग्णाचे १८ गुणिले १.१५९ म्हणजे जवळपास २०.९ झाले, तो अपात्र ठरला. रांगेत त्याचा क्रमांक लागण्याआधीच तो मागे पडला.

हा नियम वर्गात शिकवला जात होता, परीक्षेत विचारला जात होता. त्याच्याविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी पुढे होते. काळा म्हणजे नेमका कोण, आई काळी आणि बाप गोरा असेल तर कोणत्या आकड्याने गुणायचे, असे प्रश्न त्यांनी वर्गात विचारले आणि प्राध्यापकांकडे त्याचे उत्तर नव्हते. एकेका विद्यापीठाच्या रुग्णालयाने हा गुणक सोडला. सप्टेंबर २०२१ मध्ये किडनीतज्ज्ञांच्या दोन राष्ट्रीय संघटनांच्या कृती गटाने वंशाचा उल्लेख नसलेले नवे समीकरण स्वीकारायची शिफारस केली.

वकील म्हणून मला याच्या पुढचे पाऊल फार महत्त्वाचे वाटते. नुसते ‘यापुढे असे होणार नाही’ म्हणून ते थांबले नाहीत. जानेवारी २०२३ पासून अमेरिकेतील अवयव प्रत्यारोपण यंत्रणेने रुग्णालयांना बंधन घातले की जुन्या समीकरणामुळे ज्या काळ्या रुग्णांचा वेळ वाया गेला, त्यांचा प्रतीक्षेचा काळ मागच्या तारखेपासून धरावा. हजारो रुग्णांना रांगेतली त्यांची हक्काची जागा परत मिळाली. आपल्या भाषेत सांगायचे तर सेवाज्येष्ठता पूर्वलक्षी प्रभावाने बहाल झाली. अन्याय सिद्ध झाला तर त्याची भरपाई मागच्या तारखेपासून, हे तत्त्व आपल्याकडे अनुशेषाच्या लढाईत आपण किती वर्षे मांडत आहोत!

बाबासाहेबांनी घालून दिलेली रेषा

वाचकाच्या मनात येथे एक गोंधळ उडू शकतो. ऑक्सिमीटरच्या बाबतीत वंशाची वेगळी नोंद केली म्हणून अन्याय उघड झाला. किडनीच्या बाबतीत वंशाची वेगळी नोंद केली म्हणून अन्याय झाला. मग नोंद करावी की करू नये?

याचे उत्तर बाबासाहेबांच्या लिखाणात सापडते. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले हे नाकाची लांबी-रुंदी मोजून जातीची उच्चनीचता ठरवत होते. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धांत होता. १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हा पुरावा टाळला नाही. डॉ. घुर्ये यांनी वापरलेली मोजमापेच त्यांनी समोर ठेवली, प्रांताप्रांतातील ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मोजमापे शेजारी शेजारी लावली आणि दाखवून दिले की ती मोजमापे खरी मानायची तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. प्रतिपक्षाचाच साक्षीदार पिंजऱ्यात उभा करून त्याच्याच तोंडून सत्य वदवून घेणे, हे खरे वकिली कौशल्य!

हेच बाबासाहेब दुसरीकडे जातवार आकडे मागत होते, मांडत होते. १९२७ साली मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी शिक्षण खात्याच्याच अहवालातील वर्गवारी वाचून दाखवली. प्राथमिक शिक्षणात दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंची ११९ मुले आणि मागासवर्गाची १८. महाविद्यालयीन शिक्षणात मागासवर्गाचे विद्यार्थी शून्य किंवा जवळपास शून्य. इलाख्याची एक सरासरी सांगितली असती तर हे शून्य कोणालाच दिसले नसते.

तेव्हा रेषा स्पष्ट आहे. समाज माणसाशी कसा वागतो हे शोधण्यासाठी जात मोजली पाहिजे. माणसाचे शरीर किंवा बुद्धी जन्मानेच वेगळी आहे असे गृहीत धरण्यासाठी जात वापरता कामा नये. पहिली मोजणी अन्यायाचा पंचनामा करते, दुसरी अन्यायाला शास्त्राचा दाखला देते.

वर्गात काय शिकवले जाते?

डॉक्टर चुकीची समजूत घेऊन रुग्णाजवळ जातो, ती समजूत येते कोठून? व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली हे तपासले. २२२ गोरे वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टर यांना काही विधाने देऊन ती खरी की खोटी असे विचारले. काळ्या माणसाची कातडी गोऱ्यापेक्षा जाड असते, अशा धर्तीची ती खोटी विधाने होती. निम्म्या जणांनी त्यातले किमान एक तरी विधान खरे मानले. ज्यांच्या डोक्यात अशा समजुती होत्या, त्यांनी काळ्या रुग्णाच्या वेदनेला कमी गुण दिले आणि उपचाराची शिफारसही कमी अचूक केली. हे अडाणी लोक नव्हते, उद्याचे डॉक्टर होते.

आपल्याकडे असे काही झाले आहे का? झाले आहे. दिल्लीच्या ‘एम्स’मधील अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी सप्टेंबर २००६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मे २००७ मध्ये तिचा अहवाल आला. या विद्यार्थ्यांपैकी ६९ टक्क्यांनी सांगितले की शिक्षकांकडून पुरेसा आधार मिळत नाही. ८४ टक्क्यांनी सांगितले की प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत गुण देताना न्याय होत नाही. वसतिगृहात हे विद्यार्थी कसे एका बाजूला लोटले जातात, तेही समितीने नोंदवले. संस्थेच्या व्यवस्थापनाने हा अहवाल मान्य केला नाही.

व्यवस्थापनाची बाजूही आपण ऐकून घेऊ. कोणी म्हणेल, ही विद्यार्थ्यांची मते आहेत, त्यांच्या भावना आहेत, पुरावा नव्हे. ठीक आहे. मग पुरावा कोणाच्या ताब्यात आहे? लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसते, क्रमांक असतो. तोंडी परीक्षेत विद्यार्थी समोर उभा असतो, त्याचे आडनाव परीक्षकाला ठाऊक असते. गेल्या दहा वर्षांचे लेखी गुण आणि तोंडी गुण प्रवर्गनिहाय शेजारी शेजारी मांडा. दोन्हीकडे अंतर सारखेच असेल तर तोंडी परीक्षेवरचा आक्षेप बराचसा गळून पडेल. लेखीत अंतर थोडे आणि तोंडीत एकाएकी मोठे असेल तर परीक्षकांना उत्तर द्यावे लागेल. हे गणित पदवीचा विद्यार्थी दोन दिवसांत करू शकतो. गुण संस्थेच्या कपाटात आहेत. ते बाहेर का येत नाहीत?

जो पुरावा हजर करता आला असता पण केला नाही, तो हजर केला असता तर दडवणाऱ्याच्या विरुद्ध गेला असता, असे अनुमान न्यायालय काढू शकते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ११४ मध्ये हे तत्त्व होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. न्यायालयात जे तत्त्व चालते, ते जनतेच्या न्यायालयातही चालले पाहिजे.

मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील तरुण डॉक्टरने जीव दिला. त्याच वर्षी तिच्या आईने आणि रोहित वेमुलाच्या आईने मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. उच्च शिक्षण संस्थांतील जातीय भेदभाव रोखण्याचे जे नियम २०१२ सालीच झाले होते, त्यांची अंमलबजावणी व्हावी ही त्यांची मागणी. नियम कागदावर असतात आणि मोजणी कोणी करत नाही, तेव्हा त्यांची किंमत आया आपली लेकरे गमावून मोजतात.

आपल्या बाजूचा साक्षीदारही तपासा

आता एक कडू गोष्ट. दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा १४.६ वर्षे आधी मरते, हे वाक्य आपल्या अनेक भाषणांत, पत्रकांत येते. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या २०१८ च्या अहवालातून ते पसरले. आकडा मूळात खोटा नाही, पण तो कशाचा आहे? तो मरण पावलेल्या स्त्रियांच्या सरासरी वयाचा आहे. ज्या समाजात लेकरे आणि तरुण अधिक, त्या समाजातील मृत्यूंमध्ये लहान वयाचे मृत्यूही अधिक असतात आणि सरासरी आपोआप खाली येते. जन्मलेले मूल सरासरी किती वर्षे जगेल हा हिशेब वेगळा असतो. त्याला आयुर्मान म्हणतात.

तो हिशेब २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काटेकोरपणे केला गेला. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानसह नऊ राज्यांतील दोन कोटींहून अधिक लोकांच्या माहितीवरून संशोधकांनी काढले की सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक आणि दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी आहे. घरच्या गरिबीने या तफावतीचा निम्मादेखील उलगडा होत नाही. म्हणजे ‘हा जातीचा नाही, गरिबीचा प्रश्न आहे’ हे पालुपद येथे टिकत नाही.

१४ आणि ३. पहिला आकडा ऐकून सभा टाळ्या वाजवते. परंतु प्रतिपक्षाचा हुशार वकील पाच मिनिटांत तो खोडून काढेल आणि त्याबरोबर आपले सगळे म्हणणेच खोटे ठरवील. दुसरा आकडा लहान आहे, पण तो उलटतपासणीत टिकतो. आणि तीन वर्षे थोडी आहेत काय? एका संपूर्ण समाजाच्या प्रत्येक जन्मणाऱ्या लेकराच्या आयुष्यातून तीन वर्षे काढून घेतली जात आहेत!

या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही. परंतु देशभरच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम ज्या संस्थेकडे आहे, ती लोकसंख्याशास्त्राची संस्था मुंबईत देवनारला आहे. १९५६ साली स्थापन झालेली ही संस्था अभिमत विद्यापीठ आहे, तेथे लोकसंख्या आणि आरोग्य यांचे संख्याशास्त्र शिकवले जाते. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणानुसार वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण अनुसूचित जातींत दर हजार जन्मांमागे सुमारे ४१ आणि ‘इतर’ या गटात सुमारे २८ आहे. या आकड्यांमागची मूळ माहिती संशोधकांना अभ्यासासाठी मिळू शकते. आपल्यातले किती जण ती मागतात?

काय करायचे?

केंद्र सरकारने २०२५ साली पुढील जनगणनेत जातीची नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला. मोजणी होईल तेव्हा होईल. ते आकडे वाचायला आपली माणसे तयार नसतील तर त्यांचा अर्थ दुसरेच कोणी आपल्याला सांगतील आणि आपण मान डोलावू.

म्हणून पहिले काम घराघरात. आपली मुले अभियांत्रिकी आणि स्पर्धा परीक्षेकडे धावतात, त्यात वाईट काही नाही. परंतु जिल्ह्यातून दोन-चार मुलामुलींनी तरी संख्याशास्त्र, लोकसंख्याशास्त्र, सार्वजनिक आरोग्य हे विषय घ्यावेत आणि समाजाने त्यांच्या शिक्षणाचा भार उचलावा. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा याकडे वळवला तर बाबासाहेबांना अभिवादनच होईल.

दुसरे काम माहिती अधिकाराचे. २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आपल्या जिल्ह्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे मागील दहा वर्षांचे प्रवर्गनिहाय प्रवेश, लेखी परीक्षेतील सरासरी गुण, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षेतील सरासरी गुण, नापास झालेल्यांची आणि शिक्षण सोडून गेलेल्यांची संख्या मागा. कोणाचेही नाव मागू नका. व्यक्तिगत माहिती देण्यावरचे निर्बंध २०२३ च्या कायद्याने अधिक कडक केले आहेत, त्यामुळे नाव मागितले की अर्ज फेटाळायला त्यांना आयते कारण मिळेल. एकत्रित संख्येला ते कारण लागू होत नाही. माहिती अशा स्वरूपात ठेवलेली नाही असे उत्तर आले तर तेही जपून ठेवा. प्रवर्गनिहाय हिशेबच ठेवला नाही ही कबुली असेल आणि ती पहिल्या अपिलात उपयोगी पडेल.

तिसरे काम आकडे हातात आल्यावरचे. घाईने पत्रक काढू नका. एखाद्या वर्षी वर्गात आपली पाचच मुले असतील तर त्यातल्या एकाच्या नापासाने टक्केवारी वीसने हलते. अशा आकड्यावर आरोप उभा राहत नाही. दहा वर्षांचे एकत्र घ्या, जाणकाराकडून तपासून घ्या, मग बोला. एका जिल्ह्यात एक वकील, एक डॉक्टर आणि एक संख्याशास्त्र शिकलेला कार्यकर्ता असे तिघे एकत्र बसले तरी ही सुरुवात होऊ शकते.

मिशिगनच्या डॉक्टरांना नवे यंत्र शोधावे लागले नाही, नवा कायदा करावा लागला नाही. नोंदी रुग्णालयातच पडून होत्या. त्या दोन रांगांत लावून पाहायच्या होत्या, एवढेच. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या कपाटांतही नोंदी पडून आहेत. पहिला अर्ज या महिन्यातच जाऊ द्या.